कोंबडी, विळी आणि कात्री

मराठींत ‘कोंबडी कापणें’ या एकाच शब्दप्रयोगानें दोन अगदीं भिन्न कामें सांगितलीं जातात. जिवंत पक्ष्याच्या गळ्यावरून सुरी फिरविणें हें एक. आणि तो सोलून साफ झाल्यावर पातेल्यांत मावतील असे त्याचे तुकडे करणें हें दुसरें. भाषेनें भेद केला नाहीं, पण समाजानें तो फार काटेकोरपणें केला. पहिलें काम कोणी करावें, कोठें करावें, त्या वेळीं काय म्हणावें, याविषयीं गांवोगांवीं रीत ठरलेली होती. दुसरें काम घरांतल्या घरांत, बहुधा बायकांच्या हातून, कोणाच्या लक्षांतहि न येतां होत असे. प्रस्तुत लेखांत आम्हांस मुख्यतः या दुसऱ्या कामाचा विचार कर्तव्य आहे. पुण्यांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत आज अखंड कोंबडी थंड पिशवींतून येते आणि पोलादी कात्रीनें तिचे तुकडे होतात. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु ती घडून येण्यास पक्षी बदलावा लागला, दुकान बदलावें लागलें, आणि कोणाच्या चुलीवर काय शिजावें यासंबंधींचे जुने निर्बंधहि बरेच सैल व्हावे लागले. या बदलांची हकीकत आपल्या इतिहासग्रंथांत सहसा सांपडत नाहीं, याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. आपल्याकडे इतिहास लिहिणारे हात आणि कोंबडी चिरणारे हात हे फार काळपर्यंत निरनिराळ्या घरांतले होते.

आरंभ पुणें जिल्ह्यांतूनच करतां येतो. शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या शेतकऱ्यांच्या वसाहतींत जनावरांच्या हाडांचा मोठा साठा मिळाला, आणि कित्येक हाडांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आढळल्या. तांबें तेथें दुर्मिळ; रोजच्या कामाला गारेच्या जातीच्या दगडांचीं लांबट, अरुंद, धारदार पातीं. असलें पातें मांस सहज चिरतें. पण हाडावर हाणलें तर हाडाऐवजीं तेंच तुटतें. तेव्हां तें सांध्यांत घालावें लागतें, आणि सांधा कोठें आहे हें घालणाऱ्यास आधीं ठाऊक असावें लागतें. पुढें लोखंड आलें, जड सुरे व कोयते आले, आणि सांधा न पाहतां हाड तोडण्याची सोय झाली. ही सोय कीं गैरसोय, याचा विचार पुढें येईलच.

कोंबडी माणसाळली ती आपल्या देशांत, असें पूर्वीं सर्रास सांगितलें जाई. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तो मान थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळाकडे नेला. तेथील सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचीं हाडें हा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा म्हणून त्या संशोधकांनीं पुढें मांडला. परंतु आपल्याकडेहि थोडें श्रेय उरतें. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा हा तिच्या मुख्य पूर्वजाकडून, म्हणजे तांबड्या रानकोंबड्याकडून, आलेला नसून दक्षिण व पश्चिम भारतांतल्या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असें २००८ सालच्या संशोधनांत दिसून आलें. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या रानांत अद्यापि आरवतो. पुण्यांतला दुकानदार मात्र पिसें उपटण्याचा खटाटोप न करतां पिसांसकट कातडेंच ओढून काढतो; म्हणजे सह्याद्रीचा हा वारसा सर्वांत आधीं बादलींत जातो!

धर्मशास्त्राचें या पक्ष्याशीं पटलें नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांना ज्या वस्तु निषिद्ध सांगितल्या आहेत त्यांच्या एकाच श्लोकांत अळंबें, लसूण, कांदा, गांवडुक्कर आणि गांवठी कोंबडा हीं एका पंक्तीस बसविलीं आहेत. निषेध गांवांतल्या कोंबड्याला आहे, रानांतल्याला नाहीं. उकिरडा उकरणाऱ्या प्राण्याविषयींची किळस त्याच्या मुळाशीं असावी, असें मानण्यास जागा आहे. गंमत अशी कीं, त्या पंक्तींतल्या कांदा-लसणांनीं पुण्याच्या पेठांतील स्वयंपाकघरांत चातुर्मास सोडून केव्हांच प्रवेश मिळविला. कोंबडा मात्र पुढें कित्येक पिढ्या दाराबाहेर उभा राहिला.

राजवाड्यांतील रीत निराळी होती. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. मराठी आणि कानडी जेथें एकमेकींच्या अंगणांत बोलतात असा तो मुलूख. गजानन श्रीगोंदेकर यांनीं हा ग्रंथ संपादून बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत १९२५ पासून प्रसिद्ध केला. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मांस भाजण्याच्या, तळण्याच्या, शिजविण्याच्या कृति आहेत, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोलाची गोष्ट ही कीं, तुकड्यांचीं मापें फळांवरून दिलीं आहेत: अमुक कृतीला बोराएवढे, तमुक कृतीला सुपारीएवढे. चिरण्याचें माप पदार्थ ठरवितो, हें तत्त्व राजाच्या बल्लवाला सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं मान्य होतें. आजच्या चिकनच्या दुकानांत, ‘रश्श्याला कीं बिर्याणीला?’ असा जो प्रश्न गिऱ्हाइकाला विचारला जातो, तो त्याच परंपरेंतला आहे. फक्त विचारणाराला ती ठाऊक नसते.

आतां गांवाकडे वळूं. मराठी गांवगाड्यांत मुलाणी हा एक गांवकामगार होता. त्याचा धर्म मुसलमानी. मशिदीची व पिराची व्यवस्था त्याच्याकडे. परंतु गांवांतल्या हिंदूंच्या देवांपुढें जो बकरा पडे, त्याच्या मानेवर सुरीहि तोच फिरवीत असे. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत याविषयीं आश्चर्य व्यक्त केलें आहे; मुलाण्यानें रीतसर हलाल न केलेलें मांस मराठा मनुष्य सहसा खात नाहीं, असें तो नमूद करतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांतहि मुलाण्याला त्याचें स्थान आहे. या व्यवस्थेला कोणी धार्मिक औदार्य म्हणेल, कोणी नुसती श्रमविभागणी म्हणेल. आम्हांस ती विश्वासाची बाब वाटते. आपल्या ताटांत येणाऱ्या जिवाचा शेवट दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यानें, त्याच्या देवाचें नांव घेऊन करावा, आणि नंतर तेंच मांस आपल्या देवाच्या नैवेद्याला चालावें, ही गोष्ट कोणत्याहि पोथींत सांगितलेली नव्हती. ती गांवानें आपल्या अकलेनें बसविली होती, आणि शतकानुशतकें ती बिनतक्रार चालली.

मुलाण्याचें काम संपलें कीं घराचें काम सुरू होई. पिसें उकळत्या पाण्यांत भिजवून उपटावयाचीं, उरलेलीं लव जाळावर भाजावयाची, पोट साफ करावयाचें. आणि मग विळी. सुरी व विळी यांत एक मूलभूत फरक आहे. सुरींत पदार्थ स्थिर असतो आणि पातें चालतें. विळींत पातें स्थिर असतें आणि पदार्थ चालतो. पाट पायाखालीं दाबून बसलें म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. एका हातानें कोंबडीचें धड, दुसऱ्यानें तंगडी धरून ती पात्यावर टेकवावयाची, कातडी सुटली कीं मांडी मागें मोडून सांधा उघडा करावयाचा, आणि तेवढाच सांधा पात्यावरून ओढावयाचा. डोळ्यांपेक्षां बोटें अधिक जाणतात अशी ही क्रिया आहे. ज्या घरांत आठवड्यांतले कांहीं वार कडक पाळले जात, तेथें सामिषाची विळी वेगळी, बहुधा मागच्या पडवींत टांगलेली. पुष्कळ ठिकाणीं चूलहि वेगळी, अंगणांत तीन दगडांची. मांडीचें हाड मधोमध तोडावयाचें असेल तर मात्र विळी कामाची नाहीं. तेथें कोयता आणि लांकडाचा ओंडका लागे, आणि तें काम पुरुषाकडे जाई.

या तुकड्यांची वांटणी हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि त्यावर कोणी फारसें लिहीत नाहीं म्हणून आम्ही येथें थोडें थांबतों. कोंबडीला तंगड्या दोनच. घरांत मात्र जांवई आलेला, थोरला मुलगा जेवावयास बसलेला, धाकटा हट्ट धरून रडत असलेला. सांध्यासांध्यांनीं सुटे केलेले तुकडे ताटांत स्पष्ट ओळखूं येतात. कोणाला काय मिळालें हें लपत नाहीं. मान, पाठीचा कणा, पंखांचीं टोकें हीं शेवटच्या पंगतीला, म्हणजे जिनें चिरलें व जिनें शिजविलें तिच्या वांट्याला. याउलट सत्तुरानें केलेले लहान लहान तुकडे रश्श्यांत एकमेकांसारखे दिसतात, आणि सव्वा शेर मांस बारा माणसांना पुरतें. आमचा तर्क असा आहे कीं, हाडासकट बारीक तुकडे करण्याची आपली आवड निव्वळ चवीची नाहीं. मोठ्या कुटुंबांत एकच कोंबडी पुरविण्याची आणि रुसवेफुगवे टाळण्याची ती एक युक्ति होती. हाडांतला मगज रश्श्यांत उतरतो हा त्यांतला लाभ. घास घेतांना हाडाची कपची दातांखालीं येते हा तोटा. तोटा मुलांना व म्हाताऱ्यांना अधिक.

नोव्हेंबर १८१७ मध्यें खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली, आणि शहराच्या पूर्वेस इंग्रजांची छावणी वसली. तिच्याबरोबर कोंबडी चिरण्याची एक तिसरीच पद्धति पुण्याच्या वेशीशीं आली. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या प्रसिद्ध कोशांत एका पदार्थाचें थट्टेचें नांव नोंदलेलें आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘अकस्मात् मृत्यु’ असा होतो. साहेब डाकबंगल्याच्या आवारांत शिरला कीं अंगणांतली कोंबडी पळवून पळवून धरावयाची, आणि तो आंघोळ करून कपडे घालीपर्यंत ती भाजून टेबलावर! इतक्या त्वरेनें अखंड पक्षी भाजला जात नाहीं. म्हणून त्याला पाठीकडून उघडून, छाती दाबून पुस्तकासारखा सपाट करीत. इंग्रजींत याला स्पॅचकॉक म्हणतात. आज पाठीचा कणा दोन्ही बाजूंनीं कात्रीनें कापून काढून कोंबडी सपाट करण्याचा जो प्रकार चित्रांसह शिकविला जातो, तो हाच होय. वरवंट्याएवढी जड सुरी घेऊन घामाघूम होणाऱ्या त्या खानसाम्याला कात्री मिळाली असती तर साहेबाची आंघोळहि संपती ना, असें मनांत येतें.

छावणींत हें चाललें असतां पेठांत काय स्थिति होती? १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित पुणेकर गेले आणि तेथें त्यांना चहा दिला गेला. त्या पेल्यांवरून ग्रामण्य उभें राहिलें, नांवें वृत्तपत्रांत छापलीं गेलीं, आणि रानडे व टिळक यांसारख्यांना प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला. जेथें चहाच्या एका घोटानें इतकें झालें, तेथें कोंबडीचा विचारच नको. अशा घरांतल्या ज्या तरुणांना पुढें ती चव लागली, त्यांनीं ती कॅम्पांत जाऊन चाखली आणि सुपारी चघळीत घरीं परतले. परिणाम असा झाला कीं, शहरांतला एक वर्ग कोंबडी खावयास शिकला, पण ती चिरावयास शिकला नाहीं. त्याच शहरांत मराठा, कायस्थ प्रभु, मुसलमान, ख्रिस्ती, दलित अशा अनेक घरांत ही विद्या आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जात होती. पण ती छापली जात नव्हती. विद्येची किंमत छापील पानांवरून करण्याची आपली संवय असल्यामुळें ती अडाणीपणाच्या सदरांत पडली.

मग पक्षी बदलला, आणि या बदलांत पुण्याचा वांटा मोठा आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं हैदराबादेस वेंकटेश्वर हॅचरीज हा उद्योग आरंभिला. पुढें त्याचें मुख्य ठाणें पुण्यांत आलें. १९८२ सालीं त्यांच्याच पुढाकारानें राष्ट्रीय अंडी समन्वय समिति स्थापन झाली, आणि रोज अंडीं खाण्याचा तिचा उपदेश दूरदर्शनवरून घरोघर पोंचला. या उद्योगानें जी मांसल कोंबडी देशभर रूढ केली ती सुमारें सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरते. गांवरान कोंबडीला तेवढें वजन येण्यास कित्येक महिने लागतात, आणि कधीं तें येतच नाहीं.

येथें आमच्या विषयाचें मर्म आहे. सहा आठवड्यांच्या पक्ष्याचें हाड पुरतें बनलेलें नसतें. छातीच्या मधल्या हाडाचें टोंक अजून कूर्चेचें असतें, बरगड्या काडीसारख्या वांकतात, लांब हाडांचीं टोंकें मऊ असतात. वर्ष-दीड वर्ष अंगणांत धांवलेल्या, अंडीं देऊन थकलेल्या गांवरान कोंबडीचें तेंच हाड कडक व ठिसूळ होतें. तिच्या पाठीच्या कण्याशीं सामान्य कात्री झुंजूं शकत नाहीं. तात्पर्य, स्वयंपाकघरांतली कात्री ही गृहिणीच्या सोयीसाठीं आली असें जाहिराती सांगत असल्या, तरी तिच्यासाठीं वाट मोकळी केली ती कोंवळ्या पक्ष्यानें. नवें हत्यार आलें म्हणून काम सोपें झालें असें आपण समजतों. येथें आधीं काम सोपें झालें आणि मग हत्यार आलें.

कात्री मात्र जुनी आहे. चिमट्यासारखी, वांकविलेल्या पट्टीच्या ताणावर उघडणारी कात्री प्राचीन काळापासून लोंकर कातरण्यास वापरीत. मध्यें खिळा असलेली कात्री रोमन काळांत आढळते. आपला शब्द संस्कृत ‘कर्तरी’ पासून आलेला. मीरत शहरांत कात्र्या बनविण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि २०१३ सालीं त्यांना भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु आपल्या घरांत कात्री शिंप्याची व न्हाव्याची. ती रिकामी वाजविली तर घरांत भांडण होतें, अशी समजूत. तिला स्वयंपाकघरांत जागा नव्हती. तिकडे फ्रान्समध्यें १८१५ च्या सुमारास बर्ट्रां द मोलव्हील या सरदारानें द्राक्षवेलींच्या छाटणीची कात्री काढली. पक्षी कापण्याची वांकड्या पात्याची कात्री तिची बहीणच म्हणावी लागेल. जर्मनींतील झोलिंगेन गांवची बहुकामी स्वयंपाकी कात्री १९३८ पासून बनत आहे.

आपल्या घरांत दोन पात्यांमध्यें धरून तोडण्याचें एक हत्यार मात्र पूर्वापार होतें, आणि त्याचा विसर पडूं नये: अडकित्ता. त्याचा खिळा टोंकाशीं, सुपारी खिळ्याजवळ, आणि जोर लांब दांड्यांच्या शेवटीं. म्हणून आजीबाईच्या दुबळ्या मुठींतहि सुपारी फुटते. कात्रींत खिळा मध्यें असतो, परंतु नियम तोच: कठीण वस्तु खिळ्याजवळ धरावी, टोंकाशीं नव्हे. पुष्कळजण कात्रीच्या टोंकानें हाड कुरतडीत बसतात आणि मग कात्रीलाच नांवें ठेवतात. चांगल्या कात्रीच्या पात्याला खिळ्याजवळ एक खांच असते ती याचसाठीं. हाड तींत अडकतें व निसटत नाहीं.

ज्यांच्या घरीं ही विद्या वारशानें आली नाहीं त्यांच्यासाठीं क्रम थोडक्यांत सांगतों. कोंबडी नळाखालीं धुवूं नये. शिंतोड्यांबरोबर जंतु ओट्यावर व शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. कागदानें टिपून कोरडी करावी, म्हणजे हातांतून सुटत नाहीं. छाती खालीं करून शेपटाकडून आरंभ करावा व कण्याच्या एका बाजूनें मानेपर्यंत बरगड्या कापीत जावें, मग दुसऱ्या बाजूनें. कणा सबंध सुटतो. कोंबडी उलटवून तळहातानें छाती दाबावी आणि मधलें हाड कापून दोन भाग करावे. मांडी बाहेरच्या बाजूस वळविली म्हणजे खुब्याचा सांधा आपण होऊन वर येतो. तेथें हाड मुळींच कापावें लागत नाहीं. तंगडी व मांडी यांच्यामध्यें चरबीची एक फिकट रेघ दिसते, सांधा तिच्या जवळच असतो. पंख खांद्याशीं सोडवावा, पण छातीच्या मांसाचा एक घांस त्याच्याकडे राहूं द्यावा, म्हणजे पंख ज्याच्या वांट्याला जाईल तो हिरमुसणार नाहीं. कात्रीचीं पातीं सुटीं होत असतील तर सुटीं करून गरम पाण्यानें साबण लावून धुवावीं. खिळ्यांत अडकलेलें मांस हें दुर्गंधीचें व रोगाचें घर आहे.

सत्तुराचे कैवारी यावर म्हणतात कीं, असल्या सांध्यांच्या तुकड्यांना आपल्या रश्श्याची चव येत नाहीं. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. रस्सा हाडावर अवलंबून असतो, हाडाच्या कपच्यांवर नव्हे. कात्रीनें जो कणा, मान आणि पंखांचीं टोंकें सुटीं निघतात, तीं टाकून देणारा मनुष्य कोंबडीची निम्मी चव टाकतो. तीं आधीं थोड्या पाण्यांत, आलें व हळद घालून, तासभर मंद आंचेवर ठेवावीं, तें पाणी गाळून वाटणांत घालावें, आणि तुकडे शेवटीं सोडावे. कोंवळ्या कोंबडीचें मांस फार वेळ शिजविलें तर त्याचा भुगा होतो. गांवरानाला मात्र वेळच लागतो. दोघींना एकच वेळ, एकच मसाला आणि एकच हत्यार लावणें हा अडाणीपणा आहे, आणि तो सुशिक्षित घरांत आम्हांस अधिक आढळतो.

कॅम्पांतल्या शिवाजी मार्केटमध्यें मार्च २०२१ च्या आगींत मासळीचे व कोंबडीचे गाळे जळाले. पुण्याच्या कित्येक कुटुंबांची कोंबडी तेथून येत असे, आणि त्या गाळ्यांतले हात चिंचेच्या ओंडक्यावर क्षणार्धांत जे करीत त्याला कात्रीची बरोबरी नाहीं, हें आम्ही कबूल करतों. त्या हातांचा वेग गिऱ्हाइकाच्या घरीं नेतां येत नव्हता. पण गिऱ्हाईक समोर उभें राहून बघत असे, कलेजी राखून ठेवा म्हणे, मान वेगळी द्या म्हणे, आणि तेवढ्या बोलण्यांत कोंबडीची घडण त्याच्या डोळ्यांखालून जाई. बंद पिशवींतून येणारे छातीचे पांढरे, बिनहाडाचे तुकडे शिजविणाऱ्या मुलांना मांडी कोठें संपते व तंगडी कोठें सुरू होते हें विचारून पाहावें. अखंड कोंबडी आणि एक बरी कात्री ज्या घरांत येते, तेथें निदान त्या प्रश्नाचें उत्तर आठवड्यांतून एकदां ओट्यावर उघडें पडतें, आणि कण्याचें पाणी कोणी पाजावें, मान कोणी चोखावी, यावर पुन्हां नव्यानें वाद सुरू होतो.